शहराजवळचा समुद्र आणि तंबूतला मुक्काम : तीन कॅम्पसाइट्सचे परीक्षण

किनाऱ्यावरच्या एखाद्या मोठ्या शहराजवळ तंबूत राहण्यासाठी जागा शोधायला बसले की सुरुवातीला सगळ्याच जागा सारख्या दिसतात. प्रत्येक जाहिरातीत मावळता सूर्य असतो, तंबूच्या उघड्या दारातून दिसणारे पाणी असते आणि ‘समुद्रापासून केवळ पन्नास पावलांवर’ असे एखादे वाक्य ठळक अक्षरांत असते. गेल्या वर्षभरात आम्ही चौघांनी, म्हणजे आम्ही दोघे आणि आमची दोन शाळकरी मुले यांनी, एकाच शहराच्या आसपासच्या तीन कॅम्पसाइट्सवर प्रत्येकी दोन रात्री काढल्या. तिन्ही जागा शहराच्या मध्यापासून गाडीने तासाभराच्या आत आहेत, तिन्ही ठिकाणी तंबू आमचा स्वतःचा होता आणि भाड्यातही सांगण्यासारखा फरक नव्हता. तरीही पहिल्या जागी वाऱ्याने आणि पाण्याने झोपू दिले नाही, दुसऱ्या जागी डासांनी झोपू दिले नाही आणि तिसऱ्या जागी मुले सकाळी आठपर्यंत उठली नाहीत. जागांची नावे येथे देत नाही, कारण चालकांच्या वागण्यात फारसा दोष नव्हता. चुकली ती आमची निवड, आणि या परीक्षणाचा विषयही तोच आहे.

पहिली जागा थेट पुळणीवर होती. वाळूचा उतार जेथे संपतो त्या वरच्या कडेला तंबूंसाठी दगडांनी आखलेले चौकोन होते आणि त्यांतला सर्वांत पुढचा चौकोन आम्ही हट्टाने मागून घेतला होता. सकाळी अकराच्या सुमारास पोहोचलो तेव्हा वारा जेमतेम जाणवत होता, त्यामुळे तंबू घाईघाईने उभा केला, दार समुद्राकडे ठेवले आणि तणावे अर्धवटच ओढले. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा आत येते. शाळेच्या भूगोलात ज्यांना आपण खारे वारे म्हणून पाठ केले ते हेच. त्यांची सुरुवात सकाळी उशिरा होते, दुपारी ते सर्वांत जोरात असतात आणि सूर्यास्तानंतर पडतात. म्हणजे जागा निवडताना अकरा वाजता अंगाला लागणारी झुळूक हा दुपारच्या वाऱ्याचा अंदाज नव्हेच. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा दाब चौपट होतो, त्यामुळे ‘थोडा वारा वाढला’ असे जे आपल्याला वाटते ते तंबूच्या दृष्टीने थोडे नसते.

तीन वाजता समोरचा एक तणावा सुटला. तंबूबरोबर आलेली बारीक खुंटी वाळूतून अलगद वर आली होती आणि दोराच्या टोकाला लटकत कापडावर टकटक आपटत होती. दांडा धनुष्यासारखा वाकलेला होता आणि धाकटी आत बसून दोन्ही हातांनी कापड बाहेर ढकलत होती. शेजारच्या तंबूतल्या एका बाईंनी तेवढ्यात जो उपाय दाखवला तो मी येथे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण तो तंबूच्या माहितीपत्रकात सापडत नाही. त्यांनी आमच्याकडची बाजाराची कापडी पिशवी वाळूने भरली, तिचे तोंड बांधले, तणाव्याचा दोर तिच्या मधोमध गुंडाळला, फूट-दीड फूट खोल चर खणून दोराला काटकोनात येईल अशी ती आडवी पुरली आणि वर ओलसर वाळू पायाने दाबून बसवली. बारीक खुंटीला धरून ठेवायला आजूबाजूची मूठभर वाळू असते. आडव्या पिशवीला उपटायचे तर समोरची सगळी वाळू हलवावी लागते. पिशव्या संपल्या तेव्हा पाण्याबरोबर वाहून आलेली लाकडे तशीच पुरली. त्यानंतर तंबू हलला नाही. वाळूवर राहायचे ठरवलेच असेल तर रुंद पात्याच्या लांब खुंट्या किंवा निदान आठ-दहा रिकाम्या पिशव्या बरोबर असाव्यात आणि तंबूची सर्वांत अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे असावी. समुद्राकडे उघडणारे दार छायाचित्रात शोभून दिसते, पण त्यातून वारा आत शिरला की तंबूचे शीड होते.

वारा संध्याकाळी पडला आणि आम्ही निर्धास्त झालो. रात्री दहाच्या सुमारास रखवालदार बॅटरी घेऊन आले. “साहेब, आज पौर्णिमा आहे. रात्री पाणी त्या काटक्यांच्या रेषेपर्यंत येतं, आणि तुमचा तंबू रेषेच्या खाली आहे. मागे घेता का?” मी बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा ती रेषा पहिल्यांदा दिसली: वाळलेले शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचे तुकडे आणि प्लास्टिकची झाकणे यांची एक वेडीवाकडी माळ, जी आमच्या तंबूच्या मागच्या भिंतीपासून दीड-दोन हात वरच्या बाजूला होती. दुपारभर मुले त्याच माळेतून शंख वेचत होती, पण पाणी तेथवर येऊन गेल्याची ती खूण आहे हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. चौघांनी चार कोपरे धरून, आतल्या सामानासकट तंबू अंधारात वीस पावले मागे नेला. मध्यरात्रीनंतर पाण्याचा एक पातळ पदर आमच्या जुन्या जागेवरून फिरून गेला आणि सकाळी तेथे पुरलेल्या पिशव्यांचे कानच तेवढे वर दिसत होते.

उधाण आणि भांग हे शब्द आपल्या भाषेत आहेत, पण राहण्याची जागा ठरवताना ते आठवत नाहीत. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, सूर्य आणि चंद्र या दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या आसपास ती ओढ एकमेकींना काटकोनात असते आणि भांगाची भरती बेताचीच चढते. बऱ्याच किनाऱ्यांवर सर्वांत मोठी भरती त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येते, हेही ध्यानात ठेवावे. जेथे दिवसातून दोन भरत्या येतात तेथे त्या दोहोंमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यावर हवामानाचा परिणाम वेगळाच: हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी जवळपास एक सेंटीमीटरने चढते, आणि त्याच वेळी वारा किनाऱ्याच्या दिशेने वाहत असेल तर पाणी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकातल्या आकड्याच्याही वर जाते. पाणी किती चढावे यालाही सगळीकडे लागू पडेल असे एकच माप नाही. कॅनडातील फंडीच्या उपसागरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळींत १६ मीटरपर्यंत फरक पडतो, तर भूमध्य समुद्राच्या बऱ्याचशा किनाऱ्यावर तो अर्ध्या मीटरच्या आतच राहतो. तेव्हा ‘समुद्रापासून पन्नास पावले’ या वाक्याला, ती पावले कोणत्या तिथीला आणि कोणत्या वेळी मोजली हे कळेपर्यंत, काहीच अर्थ नसतो.

या जागेबद्दलची दुसरी तक्रार पाण्याचीच आहे, पण नळाच्या. “बाबा, साबणाला फेसच येत नाही,” असे मोठ्या मुलाने न्हाणीघरातून ओरडून सांगितले तेव्हा पाणी मचूळ असल्याचे कळले. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके असल्यामुळे किनाऱ्यालगतच्या वाळूत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर असतो. म्हणजे बोअरवेलने हंगामभर बेसुमार उपसा करून वरची पातळी थोडीशी जरी उतरवली तरी खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकते. पुळणीवरच्या बोअरवेलचे पाणी म्हणूनच कधीही बिघडू शकते. पिण्याचे पाणी विकत घेता येते, पण मचूळ पाण्याने अंग धुतले की खारटपणा जात नाही, आणि तोच चिकट खारटपणा अंथरुणात येतो.

मिठाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. सकाळी तंबूचे वरचे कापड बोटाने पुसले तर बोटाला चिकट थर लागत होता, आणि ऊन चढले तरी कापड पूर्ण वाळले नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून स्वतःच ओले होते, आणि रात्री समुद्राकाठी आर्द्रता त्याहून खाली क्वचितच राहते. दाराची चेन दुसऱ्या दिवशी अडकायला लागली, तिच्या दातांत वाळू आणि मीठ मिळून बसले होते. घरी आल्यावर तंबू गोड्या पाण्याने धुऊन, चेनच्या दातांवरून जुना टूथब्रश फिरवून, दोन दिवस सावलीत वाळवला तेव्हा ती सरळ झाली. अॅल्युमिनियमच्या दांड्यांचे सांधे धुवायचे मी विसरलो होतो. पुढच्या वेळी त्यांतला एक सांधा निघता निघेना आणि पाहतो तो त्यावर पांढरी भुकटी जमलेली.

दुसरी जागा आम्ही या अनुभवाच्या उलट टोकाला जाऊन निवडली. ती शहराच्या दुसऱ्या बाजूला, खाडीच्या आतल्या वळणावर होती. तिन्ही बाजूंना खारफुटी असल्यामुळे वारा नव्हता, लाटांचा प्रश्न नव्हता आणि छायाचित्रात आरशासारख्या पाण्यावर तंबूंची प्रतिबिंबे पडलेली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती आणि आरशाच्या जागी राखाडी चिखलाचे लांबच लांब मैदान पसरलेले होते, ज्यावर खेकडे फिरत होते. छायाचित्र खोटे नव्हते, ते भरतीचे होते. मुलांना खेकडे आवडले हे खरे, पण होडी चालवायला म्हणून आलेल्या शेजारच्या कुटुंबाला दिवसातले तीन-चार तासच पाणी मिळत होते आणि कार्यालयातल्या तरुणाला हे आधी का सांगितले नाही असे विचारल्यावर तो म्हणाला, “काका, कोणी विचारतच नाही.”

वारा नसणे हाच येथे सर्वांत मोठा दोष ठरला. डास आणि त्यांच्याहून बारीक असणाऱ्या चावऱ्या माश्या उडण्यात दुबळ्या असतात. ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वारा असला तरी त्यांना माणसावर नीट बसता येत नाही. पुळणीवर ज्या वाऱ्याला आम्ही शिव्या दिल्या त्याने तेथे हे काम गुपचूप केलेले होते. खाडीकाठी संधिप्रकाश पडला आणि अर्ध्या तासात बाहेर बसणे अशक्य झाले. बारीक माश्या तर साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही आत येतात, त्यांना दाट विणीचीच जाळी लागते, आणि आमच्या तंबूची जाळी तशी नव्हती. तंबूची सगळी तोंडे बंद करून झोपल्यावर चौघांच्या श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमली आणि पहाटे तिचे थेंब टपटप अंगावर पडायला लागले. ‘तंबू गळतो’ म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचा तंबू गळत नसतो, तो कोंदलेला असतो.

या जागेच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. पक्षी पाहणाऱ्या माणसासाठी ती सोन्याची खाण आहे, आणि चिखलावर उतरणारे थवे पाहायला पुन्हा एखादी सकाळ मी आनंदाने देईन. मुक्काम मात्र नाही. पोहण्याचा तर प्रश्नच नाही. मोठ्या शहराच्या नाल्यांचे आणि नद्यांचे पाणी अशाच मुखांतून समुद्रात येते आणि जोराच्या पावसानंतर निदान दोन-तीन दिवस तरी अशा पाण्यात उतरू नये. या कॅम्पसाइटच्या फलकावर जवळच्या किनाऱ्याला मिळालेल्या ‘ब्लू फ्लॅग’ मानांकनाचा उल्लेख होता. १९८५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेले हे मानांकन पाण्याची स्वच्छता, सुरक्षितता, पर्यावरण व्यवस्थापन असे निकष पाहते, पण ते त्या विशिष्ट किनाऱ्याला आणि त्या विशिष्ट हंगामापुरते दिलेले असते. चार किलोमीटर अलीकडच्या खाडीला किंवा तेथल्या शौचालयांना ते लागू होत नाही.

तिसरी जागा आम्ही खरे म्हणजे नाइलाजाने घेतली, कारण हव्या त्या तारखांना दुसरीकडे जागा शिल्लक नव्हती. ती किनाऱ्यापासून सहाशे मीटर आत, वाळूच्या टेकाडांच्या मागे आहे आणि तेथून समुद्र दिसत नाही. याच एका कारणामुळे तिला लोकांनी कमी तारे दिलेले आहेत, आणि त्या लोकांचा मी आता मनापासून आभारी आहे. टेकाडांमुळे वाऱ्याचा जोर बराच मोडतो, पण झुळूक राहते, त्यामुळे डास आटोक्यात असतात. जमीन वाळू आणि मातीच्या मिश्रणाची आहे, साध्या खुंट्या घट्ट बसतात. पाणी शहराच्या जलवाहिनीतून येते. टेकाडांवरून किनाऱ्याकडे जायला लाकडी फळ्यांची वाट केलेली आहे आणि तिच्या बाहेर पाऊल टाकायला सक्त मनाई आहे. पहिल्या दिवशी ही कडकपणाची हौस वाटली. पण टेकाडांची वाळू धरून ठेवतात ती तेथली गवते आणि वेली, त्यांच्यावरून माणसे वारंवार चालली की ती मरतात, उघडी पडलेली वाळू वाऱ्याने उडते आणि ज्या आडोशाखातर ही जागा चांगली आहे तो आडोसाच खचतो. हे कळल्यावर त्या मनाईकडे आम्ही जागेची निगा म्हणून पाहिले. रात्रीचे दिवे गुडघ्याएवढ्या उंचीचे, झाकलेले आणि तांबूस आहेत. कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर पडल्यावर उजळ क्षितिजाच्या दिशेने निघतात आणि जमिनीकडचे प्रखर दिवे त्यांना उलट्या बाजूला नेतात, म्हणून ही व्यवस्था असल्याचे तेथे लिहिलेले आहे. आमच्या वाट्याला त्यातून अंधारे आकाश आले.

उणिवा येथेही आहेत. टेकाडांच्या मागच्या खोलगट भागात ज्या चार-पाच जागा आहेत त्या वाऱ्यापासून सर्वांत सुरक्षित दिसतात आणि नवखी माणसे नेमक्या त्याच मागतात. अशा खोलगटीत भूजल पृष्ठभागाच्या अगदी जवळ असते, पावसाची एक मोठी सर आली की पाणी तेथे साचते आणि तंबूचे तळाचे कापड कितीही चांगले असले तरी साचलेल्या पाण्यात झोप लागत नाही. आमच्या दुसऱ्या रात्री पाऊस झाला आणि त्यातले एक जोडपे पहाटे गाडीत जाऊन बसले. दुसरी उणीव आवाजाची. महामार्ग दोन किलोमीटर आत आहे आणि दिवसा त्याचा आवाज मुळीच येत नाही. रात्री मात्र जमीन थंड झाली की तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, दूरचा आवाज वर निसटण्याऐवजी पुन्हा जमिनीकडे वळतो, आणि वारेही उलटून जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात, ज्यांना आपण मतलई वारे म्हणतो. परिणामी पहाटे तीन वाजता अवजड ट्रकचा घरघराट शंभर पावलांवर असल्यासारखा ऐकू येतो. किनाऱ्याकडच्या रांगांत लाटांचा आवाज तो बराच झाकून टाकतो, म्हणून रस्त्याकडची रांग घेऊ नये. नकाशावर महामार्ग, रेल्वेमार्ग आणि विमानतळाची धावपट्टी कोठे आहे हे समुद्राच्या अंतराइतकेच काळजीपूर्वक पाहावे, आणि जागा पाहायला दिवसा गेलात तर तेथल्या शांततेवरून रात्रीचा अंदाज बांधू नये.

शहर जवळ असण्याचे फायदे सगळ्यांना ठाऊक आहेत, रुग्णालय, दुकाने आणि परतीचे वाहन हाताशी असते, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. त्याची किंमत शनिवारी मोजावी लागते. पहिल्या जागी आम्ही शुक्रवार-शनिवार होतो आणि शनिवारी संध्याकाळी शहरातून एका दिवसासाठी आलेली मंडळी, त्यांचे ध्वनिवर्धक आणि जनरेटर यांनी पुळण भरून गेली. कॅम्पसाइटच्या हद्दीत शांततेचे नियम होते, पण सार्वजनिक किनाऱ्यावर त्यांचा अंमल चालत नव्हता आणि मध्ये साधे कुंपणसुद्धा नव्हते. तिसऱ्या जागेचे प्रवेशद्वार रात्री दहाला बंद होते, मुक्कामी नसलेल्या गाड्या आत येत नाहीत आणि शांततेचा नियम पाळला जातो, कारण तो पाळून घेणारा माणूस रात्री दोनदा फेरी मारतो. नियम काय आहेत हे विचारण्यापेक्षा रात्री तेथे कोण असते हे विचारणे अधिक उपयोगाचे, हे मला तीन मुक्कामांनंतर सुचले.

शेकोटीविषयी दोन शब्द. पहिल्या जागी वाहून आलेली लाकडे जाळायला मुभा होती आणि आम्ही ती जाळलीही. समुद्राच्या पाण्यात मुरलेल्या लाकडातील क्लोराइडमुळे ते जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात हे नंतर कळले, त्यामुळे अशा आगीवर काही भाजून खाण्याचा विचार सोडून दिला. शेकोटी वाळूने बुजवणे तर त्याहून वाईट. वाळूखालचे निखारे तासन्‌तास धगधगत राहतात, वरून काहीच दिसत नाही आणि सकाळी अनवाणी धावणारे मूल त्यावर पाय देते. तिसऱ्या जागी शेकोटीसाठी उंचावर ठेवलेली लोखंडी घमेली आहेत आणि विझवायला शेजारी पाण्याची बादली असते, एवढी साधी सोय. थंडी किंवा पाऊस आहे म्हणून निखारे किंवा स्टोव्ह तंबूच्या आत घेणे मात्र कोठेही, कोणत्याही जागी चालणार नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची जाणीव होत नाही.

विजेच्या बाबतीतही जागेची पारख होते. आमच्या त्या पावसाळी रात्री गडगडाट सुरू झाला तेव्हा रखवालदारांनी सगळ्यांना तंबूंतून उठवून पक्क्या बांधकामाच्या स्वयंपाकघरात आणले आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणाला बाहेर सोडले नाही. तंबूचे कापड आणि दांडे विजेपासून कसलेही संरक्षण देत नाहीत. पक्की इमारत किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी, एवढेच काय ते पर्याय असतात. पहिल्या जागी पक्के बांधकाम म्हणावे असे काही नव्हतेच. झाडांखालची सावली मागतानाही एकदा वर पाहावे, सुकलेल्या फांद्या आणि नारळ हे दोन्ही वारा नसतानासुद्धा पडतात.

पोहायला सुरक्षित किनारा हा निकष मुले बरोबर असतील तर वरचा मानावा लागतो, आणि तो कॅम्पसाइटच्या जाहिरातीत कधीच नीट लिहिलेला नसतो. जीवरक्षक कोणत्या महिन्यांत आणि किती वाजेपर्यंत असतात हे विचारावे. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधला भाग त्यांच्या नजरेखाली असतो, नुसते लाल निशाण म्हणजे पाण्यात उतरायचे नाही. लाटा फुटत असताना मध्येच एखादा शांत, गडद पट्टा दिसला तर तो पोहायला सोयीचा म्हणून मुले तिकडे धावतात, आणि पाणी परत समुद्राकडे ओढले जाते ते नेमके तेथून. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत न येता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचे, हे आम्ही मुलांकडून तिसऱ्या जागी वाळूवर रेघा ओढून पाठ करून घेतले.

आता आरक्षणाच्या वेळी आम्ही फोन करतो आणि चार-पाच गोष्टी विचारतो: उधाणाचे पाणी कोणत्या रांगेपर्यंत येते, दुपारी वारा कोणत्या बाजूने असतो, नळाचे पाणी कोठून येते, पावसात कोणत्या जागांवर पाणी साचते आणि रात्री हद्दीत माणूस असतो का. उत्तर देणारा माणूस न अडखळता जागांचे क्रमांक सांगू लागला तर तो तेथे रोज फिरतो हे समजते. ‘काही त्रास होत नाही, बिनधास्त या’ असे मोघम उत्तर आले तर आम्ही दुसरीकडे फोन लावतो. इतरांची मते वाचताना ताऱ्यांऐवजी महिना पाहतो, कारण हिवाळ्यातल्या मुक्कामावरून लिहिलेली स्तुती उन्हाळ्याच्या अखेरीस फारशी कामाची नसते. आणि पंचांग उघडून पौर्णिमा व अमावास्या यांच्या पुढचे दोन दिवस टाळतो, जागा कितीही आत असली तरी, आता सवयीनेच.

तिसऱ्या जागेवर पुढच्या महिन्यासाठी १७ क्रमांकाचा चौकोन आम्ही सांगून ठेवला आहे. त्याला सकाळी नऊपर्यंत झाडांची सावली असते, नळ वीस पावलांवर आहे, जमीन किंचित उतरती असल्याने पाणी थांबत नाही, आणि टेकाडापलीकडून समुद्र फक्त ऐकू येतो.